वायरलेसला कुलूप लावा, नोंदवहीला नको

पोलीस ठाण्यात कधी रात्रीचं बसावं लागलं असेल, तर तो आवाज तुमच्या ओळखीचा असेल. ठाणे अंमलदाराच्या टेबलावर वायरलेसचा सेट, त्यातून अखंड खरखर, मध्येच कंट्रोल रूमचा आवाज, एखाद्या गाडीचं कॉल साइन, एका गावाचं नाव आणि शेवटी ‘ओव्हर’. मी तालुक्याचा वार्ताहर होतो तेव्हा माझ्या निम्म्या बातम्या या खरखरीतून जन्मायच्या. बाकावर चहा घेऊन बसायचं, कान मात्र सेटकडे. ‘पुलाजवळ ट्रक पलटी, क्रेन पाठवा’ एवढं कानावर पडलं की चहा तसाच टाकून मोटारसायकलला किक मारायची. तो संदेश माझ्यासाठी नव्हता, हे मलाही माहीत होतं आणि ठाणेदारांनाही. कोणी हटकलं नाही, इतकंच.

आता तो आवाज बंद होतो आहे. ठिकठिकाणी जुने अ‍ॅनालॉग सेट जाऊन डिजिटल आले. अ‍ॅनालॉग सेट माणसाचा आवाज जसाच्या तसा हवेत सोडतो, त्या फ्रिक्वेन्सीवरचा कुठलाही रिसीव्हर तो पकडू शकतो. डिजिटल सेट आवाजाचे आकडे करतो, आणि त्यांवर एन्क्रिप्शन चढवलं की किल्ली ज्या सेटमध्ये आहे त्यालाच ते बोलणं कळतं. त्यात ११२ हा आपत्कालीन क्रमांक आला. बरंचसं काम आता गाडीतल्या पडद्यावर, बिनआवाजाचं होतं. या बदलाबद्दल भंडारा जिल्ह्यातल्या माणसांनी काय म्हणावं, यावर माझे काही मुद्दे आहेत.

१. आपल्याकडे पोलिसांचा वायरलेस ऐकण्याचा हक्क जनतेला कधीच नव्हता.

अमेरिकेत होता. तिथे दुकानातून स्कॅनर विकत आणून घरबसल्या पोलिसांचं बोलणं ऐकता येई आणि वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत तो दिवसभर चालू असे. त्यामुळे डेन्व्हरने २०१९ मध्ये, आणि पुढे न्यूयॉर्कने टप्प्याटप्प्याने वायरलेस कुलूपबंद करायला घेतला तेव्हा पत्रकार आणि नागरिक संतापले. हातातलं काढून घेतलं जात होतं. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो शहराने २०२१ मध्ये लावलेलं कुलूप लोकांच्या रेट्यामुळे २०२२ मध्ये काढलंही. शिकागोने मधला मार्ग धरला: बोलणं लोकांना ऐकू येईल, पण अर्ध्या तासाने.

आपला कायदा इंग्रजांनी लिहिला, आणि तो जनतेवर कान ठेवण्यासाठी लिहिला. १८८५ चा तार कायदा, १९३३ चा बिनतारी तारायंत्र कायदा: परवान्याशिवाय संच बाळगणं हाच गुन्हा. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात तर बेकायदा संदेश पकडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा ‘आमचा स्कॅनर परत द्या’ ही मागणी इथे गैरलागू आहे. आपल्याला जे मागायचं ते इथल्या जमिनीवर उभं राहून मागावं लागेल.

२. कुलूप लागायलाच हवं.

हे मी पत्रकार असूनही म्हणतो. आपल्या जिल्ह्यात चोरून वायरलेस ऐकण्याचा सगळ्यात मोठा फायदा कोणाला होईल? वैनगंगेतून रात्री रेती उपसणाऱ्यांना. महसूलचं पथक निघालं की त्याचं ‘लोकेशन’ नाक्यानाक्यावरच्या पोरांकडून मोबाइलवर पुढे सरकतं, हे पवनी, तुमसर, मोहाडीत लहान पोरालाही माहीत आहे. त्यांच्या हाती पोलिसांचं बोलणं आयतं पडलं तर छापा टाकायला घाट रिकामाच मिळेल. पूर्वेला गोंदिया, १९९९ पर्यंत आपलाच भाग, दक्षिणेला गडचिरोली. त्या जंगलात गस्तीवरच्या जवानाचं ठिकाण फुटणं म्हणजे काय, हे तिथल्या हुतात्म्यांच्या घरी विचारावं.

मुंबईवरचा २६ नोव्हेंबर २००८ चा हल्ला आठवा. हॉटेलांबाहेर कमांडो काय करताहेत ते वाहिन्या थेट दाखवत होत्या आणि पाकिस्तानात बसलेले सूत्रधार ते पाहून आत सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या कसाब निकालात या प्रक्षेपणावर कठोर ताशेरे ओढले. २०१५ मध्ये केबल वाहिन्यांच्या नियमांत बदल होऊन अशा कारवाईचं थेट प्रक्षेपण बंद झालं. घटना चालू असताना प्रत्येक गोष्ट प्रत्येकाला कळलीच पाहिजे, असा हट्ट मी धरणार नाही.

३. दुसरं कारण घरातल्या अब्रूचं.

वायरलेसवर गुन्हेगाराचं नाव जातं तसं तक्रार करणाऱ्या बाईचंही जातं. विष प्यायलेल्या पोराचं जातं, वेडाच्या भरात घर सोडलेल्या म्हाताऱ्याचं जातं. लाखनीजवळच्या मुरमाडीतल्या तीन सख्ख्या बहिणींची गोष्ट जिल्हा विसरलेला नाही. १४ फेब्रुवारी २०१३ ला त्या बेपत्ता झाल्या, दोन दिवसांनी विहिरीत सापडल्या. लोकांनी महामार्ग रोखला, प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं. आणि राज्यसभेत निवेदन करताना खुद्द केंद्रीय गृहमंत्र्यांनी त्या अल्पवयीन मुलींची नावं वाचून दाखवली. विरोधकांनी हरकत घेतली, नावं कामकाजातून काढून टाकावी लागली. लिहून आणलेल्या निवेदनात जर हे होतं, तर घाईत बोललेल्या वायरलेसवर काय होत असेल?

४. पण गप्प राहिलेल्या ठाण्याची किंमतही याच जिल्ह्याने मोजली आहे.

२९ सप्टेंबर २००६. मोहाडी तालुका, आंधळगाव ठाण्याची हद्द, खैरलांजी. आधीच्या मारहाणीच्या गुन्ह्यातले आरोपी त्या दिवशी जामिनावर सुटून आले आणि संध्याकाळी भोतमांगे कुटुंबावर जमाव चालून गेला. आई, मुलगी आणि दोन मुलगे, चौघांना मारून मृतदेह कालव्यात टाकले. भैय्यालाल भोतमांगे तेवढे वाचले.

आणि मग काय झालं? जवळपास महिनाभर महाराष्ट्राला या घटनेचं खरं रूप कळलं नाही. आली तीही बातमी अनैतिक संबंधांतून झालेल्या हत्येची म्हणून, कोपऱ्यातली. नोव्हेंबरमध्ये नागपूर पेटलं, विदर्भ पेटला, तेव्हा कुठे पोलीस निलंबित झाले आणि तपास सीबीआयकडे गेला. भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची कैद ठरवली. ठाण्याला पहिली खबर किती वाजता लागली, कोण निघालं, कशाने निघालं, गावात कधी पोचलं, कोणाला विचारून परत आलं, हे प्रश्न मोर्च्यांतून, सत्यशोधन समित्यांतून, चौकशांतून महिनोन्महिने विचारले गेले. त्यांची उत्तरं दुसऱ्या दिवशी सकाळी भंडाऱ्याच्या एका फळ्यावर असायला हवी होती. ती असती तर ‘अनैतिक संबंध’ हा शब्द छापायला कोणाचा हात धजला नसता.

एक तारीख इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्वतंत्र प्राधिकरण नेमा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात दिला तो २२ सप्टेंबर २००६ ला. खैरलांजीच्या बरोबर सात दिवस आधी.

सोळा वर्षांनी, ऑगस्ट २०२२ मध्ये, पुन्हा लाखनी. अत्याचार झालेली एक महिला रात्री लाखनी ठाण्यात आणली गेली. पहाटे ती तिथून निघून गेली. पुढे तिच्यावर पुन्हा अत्याचार झाला आणि ती कारधा ठाण्याच्या हद्दीत अत्यवस्थ सापडली. अधिकारी निलंबित झाले, विधिमंडळात चर्चा झाली. माझ्या मुद्द्याच्या दोन्ही बाजू या एका प्रकरणात आहेत. त्या बाईचं नाव, गाव, तिची अवस्था वायरलेसवरून जगाला कळायला नको होती, कधीच नको होती. पण ती ठाण्यात किती वाजता आली, तिला दवाखान्यात का नेलं नाही, ती गेल्यावर किती वेळाने कंट्रोलला कळवलं, शोधाला गाडी निघाली का, हे सगळं कळायला हवं होतं. पहिली माहिती त्या बाईची आहे. दुसरी ठाण्याची आहे, म्हणून ती आपली आहे. या दोन्हींना एकाच कपाटात कोंडून एकच कुलूप लावायचं, ही खरी चूक.

५. वायरलेसची जुनी नोंदसुद्धा किती बोलते, हे एका मराठी बाईने दाखवून दिलं.

अतिरिक्त पोलीस आयुक्त अशोक कामटे त्या २६ नोव्हेंबरच्या रात्री हेमंत करकरे आणि विजय साळसकर यांच्यासोबत कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत मारले गेले. विनीता कामटे यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं की माझा नवरा तिथे कसा पोचला, कंट्रोलशी काय बोलणं झालं, आणि तो कोसळल्यावर मदत का आली नाही. त्यासाठी पोलीस अधिकाऱ्याच्या पत्नीला माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागला. टाळाटाळ झाली, त्या हटल्या नाहीत. कंट्रोल रूमच्या वायरलेस नोंदी मिळाल्या आणि त्यांच्या आधारे विनीता देशमुख यांच्यासह त्यांनी २००९ मध्ये ‘टू द लास्ट बुलेट’ हे पुस्तक लिहिलं. नोंदींवरचा वाद पुढे राज्य माहिती आयोगापर्यंत गेला.

त्या नोंदी उघड झाल्याने देशाची सुरक्षा ढासळली नाही. एका कुटुंबाला उत्तराच्या जवळ जाता आलं. विनीताताईंना जे इतक्या झगड्यानंतर मिळालं, ते पालांदूरच्या किंवा सिहोऱ्याच्या शेतमजूर बाईला कसं मिळणार?

६. ११२ मुळे हे आता सोपं झालं आहे.

पूर्वी १०० लावलं की जिल्ह्याच्या कंट्रोलला लागायचं आणि तिथला अंमलदार वहीत लिहून वायरलेसवर सांगायचा. २०२१ पासून ११२ लावलं की फोन नवी मुंबईत महापे इथे किंवा नागपूरच्या केंद्रात जातो, तिथून भंडाऱ्याच्या नियंत्रण कक्षाकडे आणि तिथून गाडीतल्या पडद्यावर. फोन केव्हा आला, केव्हा पुढे गेला, गाडी केव्हा पोचली, काय कारवाई झाली, सगळं वेळेसह संगणकात बसतं. नवं काही उभारायचं नाही, जे साठतं आहे त्यातलं निवडक बाहेर काढायचं आहे.

माझी मागणी अशी. जिल्ह्याच्या सोळा-सतरा ठाण्यांपैकी प्रत्येकाची रोजची यादी चोवीस तासांनी जिल्हा पोलिसांच्या संकेतस्थळावर आणि ठाण्याच्या फळ्यावर लागावी. रकाने सहा: फोनची वेळ, प्रकार, ठाण्याची हद्द, गाडी निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, पुढे काय झालं. नाव नाही, मोबाइल नाही, घर नाही. आणि गावही नाही, यावर मी अडून बसेन. शहरात ‘कौटुंबिक वाद, अमुक नगर’ असं लिहिलं तर कोणाला काही कळत नाही. आपल्याकडे साठ उंबऱ्यांचा टोला असतो. ‘गोंडीटोला, नवरा-बायकोचं भांडण, रात्री अकरा’ एवढ्यावर सकाळी नळावर सगळ्या बाया नाव घेऊन बोलतील, आणि पुढच्या वेळी मार खाऊनही ती बाई ११२ लावणार नाही. स्त्रिया, मुलं आणि आत्महत्येच्या प्रयत्नांबाबतचे फोन तर ठाण्याचंही नाव न घेता, जिल्ह्याच्या एकत्रित आकड्यात दाखवावेत. छापे, नाकाबंदी, नक्षलविरोधी हालचाल हे त्या यादीत यायचं कारणच नाही.

ज्याने फोन केला त्याला मात्र त्याच्या स्वतःच्या फोनची पूर्ण नोंद, आवाजासह, साध्या अर्जावर मिळावी. ते रेकॉर्डिंग किमान वर्षभर पुसू नये. तक्रार आली की निकाल लागेपर्यंत पुसू नये. माहिती अधिकारात उत्तराला तीस दिवस लागतात, अपिलांत वर्ष जातं. तोवर टेपच उरली नाही तर जिंकलेलं अपील फ्रेम करून भिंतीवर लावण्यापुरतं उरेल.

७. कायदा याच्या आड येत नाही, उलट बाजूने आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ३७ वं कलम वाचा. प्रत्येक जिल्ह्यात नियंत्रण कक्ष असावा, असं ते सांगतं. त्याच दमात सांगतं की प्रत्येक ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात एक अधिकारी नेमून अटक झालेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप ठळकपणे, डिजिटल पद्धतीनेही, लावावं. कंट्रोल रूम आणि जनतेसाठीचा फळा यांची सांगड संसदेनेच घातली आहे. तुमच्या ठाण्यात असा फळा आहे का, आणि त्यावर शेवटची तारीख कोणती आहे, हे एकदा जाऊन पाहा.

एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाका, लैंगिक आणि तशाच संवेदनशील गुन्ह्यांची वगळून, असं सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ ला सांगितलं. ठाण्यात सीसीटीव्ही लावा, चित्रासोबत आवाजही नोंदवा, असं २ डिसेंबर २०२० ला. आणि पोलीस ठाणं हे शासकीय गुपितांच्या कायद्यातलं ‘निषिद्ध ठिकाण’ नाही, असं २०२२ मध्ये नागपूर खंडपीठाने वर्ध्याच्या एका प्रकरणात सांगितलं; ठाण्यात मोबाइलवर चित्रण केलं म्हणून एका माणसावर गुप्ततेचा गुन्हा लावला होता, तो रद्द झाला. ‘गोपनीय आहे’ म्हणून हात झटकणाऱ्या प्रत्येकाला हा निकाल दाखवावा.

अडचण एक आहे आणि ती लपवत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम आवळलं आहे. उद्या गाडीच्या चालकाचं नावही ‘वैयक्तिक’ ठरवलं जाईल. म्हणून तर यादी नावांशिवायची मागावी. जनहित मोठं असेल तर माहिती द्यावी, हे माहिती अधिकार कायद्याच्या आठव्या कलमातलं दुसरं पोटकलम अजून शाबूत आहे.

८. नोंद उघडी असली तर पोलिसांचंही भलं होतं, आणि हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

रोवणीचे दिवस होते. महामार्गावर एका फाट्याशी ट्रॅक्टर आणि ट्रकची धडक झाली, धानाचे परे घेऊन निघालेल्या दोन बाया जागेवर गेल्या. मी पोचलो तेव्हा परे रस्त्यावर पसरलेले, त्यांची मुळं अजून ओली. गर्दी म्हणत होती, फोन लावून दोन तास झाले, पोलीस आत्ता आले. हवालदार म्हणत होता, निरोप मिळाला आणि पंचवीस मिनिटांत पोचलो. तो घामाने भिजलेला होता, खोटं बोलतो आहे असं मला वाटलं नाही. गर्दीतला तरुणही खोटं बोलत नव्हता, त्याने खरंच फोन लावला होता. मधला दीड तास कुठे गेला? कोणीतरी गाडीची काच फोडली, मग लाठ्या चालल्या, मग गावातल्या बारा-पंधरा पोरांवर गुन्हे. ती पोरं पुढे कित्येक वर्षं तारखांना जात राहिली. त्या दीड तासाचा हिशेब एका कागदावर, एका ओळीत, दुसऱ्या दिवशी दाखवता आला असता. मी तीनदा मागायला गेलो. तिन्ही वेळा ‘साहेब बाहेर आहेत’.

तो हवालदार आता निवृत्त झाला आहे. परवा बाजारात भेटला. त्याने आपणहून विषय काढला, “भाऊ, माझी वेळ बरोबर होती जी.” इतक्या वर्षांनी.

९. आपल्या जिल्ह्याला उघडी नोंद नवी नाही.

कारधा पुलावर वैनगंगेची पातळी मोजतात. धोक्याची खूण २४५.५० मीटर, हा आकडा भंडाऱ्यात शाळकरी पोरंही सांगतात. पावसाळ्यात पातळी किती, गोसेखुर्द धरणाची दारं किती उघडी, हे प्रशासन वेळोवेळी सांगतं. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी आलं आणि शहरातल्या वस्त्या बुडाल्या, तेव्हा लोकांचा राग पाण्याइतकाच वेळेवर न मिळालेल्या खबरेवर होता. त्यानंतरच्या पावसाळ्यांत आपण सगळे मोबाइलवर पातळी पाहतच झोपतो. आकडा समोर आहे म्हणून प्रशासन कमजोर झालं, असं कोणी म्हणत नाही.

१०. सुरुवात कोणी करायची?

गृह विभागाच्या धोरणाची वाट पाहायची गरज नाही. अशी यादी लावायला जिल्हा पोलीस अधीक्षकांचा निर्णय पुरेसा आहे. एका तालुक्यात सहा महिने करून पाहावं. मोहाडीत करावं, असं मला फार वाटतं. पोलिसांच्या गाड्यांना, कॅमेऱ्यांना जिल्हा नियोजन समितीतून पैसा जातो. त्या समितीवर बसणाऱ्या आमदारांनी आणि जिल्हा परिषद सदस्यांनी पुढची गाडी मंजूर करताना ही एक ओळ टिपणीत घालावी.

आणि गावांनी ठराव घ्यावा. २ ऑक्टोबरला ग्रामसभा असते. सरपंचांना सात दिवस आधी अर्ज द्या, विषयपत्रिकेत घ्यायला लावा. ठरावाचा मजकूर मी लिहून ठेवला आहे, हवा तसा बदला: “आमचे गाव ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येते, त्या ठाण्याला ११२ वरून आलेल्या फोनची, गाडी निघाल्याची व पोचल्याची वेळ, कोणाचेही नाव व गाव न देता, दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या फळ्यावर लावण्यात यावी; आणि फोन करणाऱ्यास त्याच्या फोनची नोंद मागितल्यापासून सात दिवसांत द्यावी.” खाली सूचक, अनुमोदक, आणि हात वर करणाऱ्यांची संख्या. ती संख्या मात्र अक्षरी लिहा.